मुकादमाची पाळी

बसा असे. ते बाकडं डुगडुगतं, भिंतीला टेका जरा. तुमच्या बसला अजून वेळ आहे, तोवर पंपवाल्याच्या घरातल्या उंदरांची गोष्ट ऐका. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं थाप मारली. पण मारायची असती तर यापेक्षा बरी मारली असती.

पंपवाला म्हणजे खालच्या गल्लीतला, पाण्याचे पंप दुरुस्त करतो तो. घरामागे टीचभर शेत. कापणी होऊन शेतं उघडी पडली की उंदीर दरवर्षी बिऱ्हाड घेऊन घरात येतात. यंदा ते थेट माळ्यावर चढले, आणि माळ्यावर होतं मक्याच्या बियाण्याचं एकुलतं एक पोतं. बापाच्या वेळचं वाण, दुसरीकडे मिळायचं नाही. पेरणी वीस दिवसांवर.

"पोतं गेलं तर पेरणार काय?" बायको म्हणाली. "नटबोल्ट?"

विष ठेवायचं तर अंगणात कोंबड्या. सापळा लावला, तर पहिल्याच दिवशी त्यात म्हातारीच्या पायाचा अंगठा सापडला. "उंदरापेक्षा मी बरी सापडते तुला," म्हातारी लेकाला म्हणाली. मग उरला मुकादम.

मुकादम हा शिंपीणबाईचा बोका. कापणीनंतर तो घरोघर पाळीनं जातो, एकेका घरी पाच दिवस. कुणाची पाळी कधी, ते शिंपीणबाईनं दारावर खडूनं लिहिलेलं असतं. पंपवाल्याची पाळी आली तशी ती बोक्याला टोपलीतून घेऊन आली, आणि तिघांना ओळीनं उभं करून तिनं बजावलं, "याला काही घालायचं नाही. दुधाचा थेंबसुद्धा नाही. पोट भरलं की हा काम करत नाही, आमच्या ह्यांच्यासारखा."

तिघांनी माना डोलावल्या.

बाई कोपऱ्यावरून वळते न वळते तोच म्हातारीनं जिन्याखाली दुधाची वाटी सरकवली. परक्या घरचं लेकरू, पहिल्याच दिवशी उपाशी कसं ठेवायचं? बायकोनं सरपणामागे उकडलेलं अंडं ठेवलं. बोका भुकेनं शेजारी निघून गेला तर शिंपीणबाईला तोंड काय दाखवणार? आणि पंपवाल्यानं शिडीवरूनच माळ्याच्या अंधारात हात लांबवून, पोत्याला लागून, सुक्या मासळीची ताटली ठेवली. तेलपाणी केल्याशिवाय मशीन चालत नाही, एवढं एक शिक्षण त्याचं पक्कं. तिघांचं तिघांना ठाऊक नाही.

मुकादमानं पहिल्या दिवशी तिन्हीकडे हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी तो जिन्याशी आडवा झाला, दुधाच्या वाटीपासून वीतभर अंतरावर. भर दुपारी एक उंदीर त्याच्या शेपटीवरून निघाला. मुकादमानं एक डोळा उघडला, शेपूट बाजूला घेतली आणि त्याला वाट करून दिली.

"उपासानं गळालाय बिचारा," म्हातारी म्हणाली.

"हो ना. डोळे बघा कसे मिटतायत," सून म्हणाली.

"अंगात त्राणच नाही," पंपवाला म्हणाला.

आणि तिघांनी आपापला खुराक गुपचूप दुप्पट केला. सकाळी बघावं तर वाटी, ताटली, सगळं चाटूनपुसून साफ. म्हणजे खातोय, पण पुरत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी तिप्पट.

चौथ्या दिवशी मुकादम उठेचना. दुसऱ्याचा बोका, त्यातून शिंपीणबाईचा. पंपवाला धावत जाऊन गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. सगळा जन्म म्हशींत गेलेला माणूस. त्यानं आधी दोन बोटांनी पोट दाबलं, मग दोन्ही हातांनी.

"काय खायला घालता याला?"

"काही नाही," तिघं एका सुरात.

"थोडं दूधबीध?"

"आईशपथ नाही," पंपवाला म्हणाला. शेजारी उभी असलेली आई जरा लांब सरकली.

डॉक्टरनं चष्मा पुसला. "मग हे सगळे उंदीरच. चाळीसेक तरी असतील. एवढा कामसू बोका मी बघितला नाही. याला आता विश्रांती द्या."

डॉक्टर गेला आणि पंपवाल्यानं माळ्याला शिडी लावली. बोका कशानं फुगलाय, ते त्याला आपल्या मासळीवरून कळलं होतं. म्हणजे उंदीर सगळे जागेवर, आणि पोतं त्यांच्या तोंडी. तो शिडी चढला. मागोमाग बायको. खाली शिडी धरून म्हातारी.

"बोला की," बायको म्हणाली. "संपलं सगळं?"

त्यानं पोतं चाचपलं. पोत्याचा एक दोरासुद्धा तुटला नव्हता. शेजारी मासळीची ताटली लख्ख, आणि तिच्याभोवती अकरा उंदीर, बटाट्यांसारखे गोल, कुशीवर पडलेले. दुसऱ्या दिवसापासून मुकादमानं दुधाची वाटी सोडली नव्हती. अंडी आणि मासळी या उंदरांनीच खाल्ली होती. असा पाहुणचार सोडून सुका मका कोण कुरतडेल?

माणसं बघून उंदीर पळाले. पळाले म्हणजे निघाले. पहिलाच बिळात अडकला, बाकीचे मागे रांगेत. पंपवाल्यानं एकेकाला उचलून बादलीत ठेवलं, आणि अडकलेल्याला बाटलीचं बूच ओढावं तसं शेपटीला धरून काढलं.

"ही मासळी कुणाची?" बायकोनं विचारलं.

"आणि सरपणामागे अंड्याची टरफलं दिसली, ती कुणाची?" तो म्हणाला.

म्हातारी खालून म्हणाली, "जिन्याखालच्या वाटीचं नंतर बोलू. बादली झाका आधी."

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आली, तेव्हा अंगणात बादली तयार होती.

"जिवंत धरतो माझा बोका?"

"आता धरायला लागलाय," पंपवाला म्हणाला.

मग बादली ओढ्यापलीकडे नेऊन रिकामी केली. तिकडे डॉक्टर चाळीस उंदरांचं सगळीकडे सांगत सुटला. शिंपीणबाईच्या दारावर आता खडूला जागा नाही. खरं काय ते पंपवाल्यानं फक्त मला सांगितलं, आणि मी फक्त तुम्हाला.

आता पाळी माझी. पाय जरा जपून, तुमच्या बाकड्याखाली झोपलाय तो मुकादमच. शिंपीणबाई सकाळीच बजावून गेली, काही घालायचं नाही म्हणून. मी शब्दाचा पक्का, त्याला काही घालणार नाही. पण मघापासून तुमच्या पिशवीतून सुक्या मासळीचा वास येतोय. मूठभर ठेवून जाल का? उंदरांसाठी हो.