आक्कासाहेब ट्रॅक्टरची चाल बघतात

आक्कासाहेब कोणालाही पहिल्यांदा भेटल्या की आधी त्याचे पाय बघत. मग मान. मग म्हणत, "जरा चालून दाखवा."

इंदूरच्या जुनी इंदूर भागात त्यांच्या शेजारी मी खोली घेतली त्या दिवशी मलाही त्यांनी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं होतं. शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून मी नुकताच लागलो होतो, अंगात नवा कोट होता, आणि पंचावन्न-छप्पन्नच्या एक नऊवारीतल्या बाई ओट्यावर बसून माझी चाल पाहत होत्या.

"डावा पाय जरा ओढता," त्या म्हणाल्या. "पण स्वभाव गरीब आहे. राहा."

वडील संस्थानच्या पागेवर अंमलदार, नवरा रिसाल्यात. सगळा जन्म घोड्यांच्या संगतीत गेलेला. पुढे संस्थान गेलं, पागा गेली, नवराही गेला. राहिली ती जोखायची नजर. म्हैस असो, नवे तहसीलदार असोत की मुलीला सांगून आलेली स्थळं, कसोटी एकच. एका चांगल्या इंजिनियर मुलाला त्यांनी "छाती रुंद आहे, पण चढावर दम लागेल" म्हणून परत पाठवला होता. नागपूरचा वकील पसंत पडला, कारण "हा बुजत नाही." मुलगी नागपूरला सुखात होती, तेव्हा नजर खोटी म्हणायची सोय नव्हती.

देपालपूरच्या वाटेवर त्यांची जमीन होती. साठेक बिघे काळी माती, आंब्याची जुनी झाडं आणि मधोमध एक तळं. इंदूरचं राजधानीपण भोपाळला गेल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात तळ्याची पाळ फुटली. पाणी गेलं आणि निम्म्या शेतात गाळ पसरला. भेराजी हा त्यांच्या नवऱ्याच्या वेळचा गडी. पाळीचे दगड परत रचताना त्याची कंबर धरली ती सुटेना.

ही बातमी इंदुरातच पलासियाला राहणाऱ्या त्यांच्या दिरांना, रावसाहेबांना, कळली. ते कागद घेऊनच आले. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

"वहिनी, आता बस करा ना," ते म्हणाले. "जमीन बटाईने दुसऱ्याला कसायला देऊन टाका. बाईमाणसाकडून इतकी जागा राखली जात नाही. सही करा आणि आरामात देवाचं नाव घ्या."

आक्कासाहेबांनी कागद पाहिलाच नाही. त्या रावसाहेबांचे पाय पाहत होत्या.

"पुढच्या पावसाळ्याआधी पाळ उभी राहिली नाही, तर सही करते," त्या म्हणाल्या. "राहिली, तर हा कागद पुन्हा माझ्या दारात आणायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप. "मास्तर, इंग्रजी वाचता ना? कोट घाला. सियागंजात जायचंय."

सियागंजात एका यंत्रांच्या दुकानात दोन ट्रॅक्टर उभे होते. एक लाल, अवाढव्य. दुसरा निळा, ठेंगणा. दोघांनाही पुढे लोखंडी हात होते आणि हातांच्या टोकाला मोठं सूप असावं तसा डबा. दगड-माती त्यात भरायची आणि यंत्रानेच ती वर उचलायची. मॅनेजर बाबूजी सरळ लालकडे वळले.

"बाईसाहेब, ये लीजिए. पूरे मालवे में इससे बडा नहीं. जहाज है, जहाज!"

"जहाज आम्हाला नको. आमच्याकडे समुद्र नाही. मास्तर, वजन वाचा."

मी दोन्ही यंत्रांच्या इंग्रजी माहितीपुस्तकांतून वजनं वाचली. त्यांनी दोन्ही यंत्रांना तीन-तीन फेऱ्या मारल्या, वाकून पोटाखाली पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. वळायला जागा किती लागते? दोन आंब्यांच्या मधून जाईल का? हात किती उंच जातो? कंबर दुखणाऱ्या म्हाताऱ्याला वर चढायला पायरी कुठे आहे? बाबूजींना शेवटचा प्रश्न कळला नाही. मला कळला.

"आता चाल बघू," आक्कासाहेब म्हणाल्या. "इथे फरशीवर नाही. चिखलात."

बाबूजी हसले. "अम्मा, नया माल कीचड में कौन उतारता है?"

"मग मीही थांबते," असं म्हणून त्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसल्या, दुसऱ्या दिवशीही आल्या. येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या अगदी गोड आवाजात, इंदुरी थाटात विचारत, "भिया, तुम्ही चाल बघितली का?" मग ते गिऱ्हाईकही बाबूजींना तेच विचारी. तिसऱ्या दिवशी बाबूजींनी हात जोडले. "चलो अम्मा, कहाँ है आपका कीचड?"

ओळखीच्या एका माळ्याचं शेत होतं. पाटाचं पाणी सोडून आक्कासाहेबांनी त्यात आदल्या दिवसापासून चिखल तयारच ठेवला होता. भेराजीलाही बैलगाडीत गवतावर झोपवून आणवलं होतं. "वापरणार तो, मग त्याने बघायला नको?"

आधी लाल उतरला. दहा-बारा हात रुबाबात गेला आणि मग काळ्या मातीने त्याला जो धरला, तो आसापर्यंत. चाकं गरगरत होती, बाबूजींच्या धोतरावर शिंतोडे उडत होते. भेराजी कोपरावर उठून म्हणाला, "बाईसा, जहाज तो डूबी ग्यो!"

निळा उतरला तो कडेकडेने, बेताने, पार पलीकडे गेला. डबा दगडांनी भरून पुन्हा आणला. सगळे वाहवा करू लागले. आक्कासाहेब मात्र कपाळाला आठी घालून मागच्या चाकांकडे पाहत होत्या.

"ओझं उचललं की मागचे पाय हलके होतात याचे," त्या म्हणाल्या. "मागे वजन बांधावं लागेल."

दुकानाचा मिस्त्री ट्रॅक्टरवरून खाली उतरला. त्याने आधी चाकांकडे पाहिलं, मग आक्कासाहेबांकडे. "सही बात है. पर अम्मा, ये आपको किसने बताया?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय ना."

निळा घेतला. लालला बाहेर काढायला बैलांच्या दोन जोड्या लागल्या, हे मी शाळेत पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. त्या बाई माझ्या शेजारी राहतात, हेही न विसरता सांगायचो.

चालवायला त्या स्वतः शिकल्या. मिस्त्री रोज सकाळी शेतावर यायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक कुंपण आणि गोठ्याचा कोपरा पाडला. "तोंडाचा जड आहे, लगाम लवकर ऐकत नाही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात कासोटा घट्ट मारून त्या दोन आंब्यांच्या मधून पान न हलवता निघाल्या, तेव्हा गावातले लोक बांधावर उभे राहून बघत होते. तिसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. आक्कासाहेब दगड उचलून आणत आणि भेराजी पाळीवर खाट टाकून पडल्या पडल्या हाताने दाखवी: इथे, अजून इकडे, बस. चाळीस वर्षं त्या पाळीवर दगड वाहिलेला माणूस आता हुकूम सोडत होता आणि मालकीण ऐकत होती. कंबर सुधारल्यावर तोही पायरीवरून वर चढला आणि चालवू लागला.

वैशाखात पाळ उभी राहिली. रावसाहेब मोटार घेऊन आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, दोन-तीन ठिकाणी बुटाने दगड ठोकून पाहिले. मग म्हणाले, "वहिनी, मानलं तुम्हाला." कागदाचं नाव त्यांनी काढलं नाही. आक्कासाहेबांनी त्यांना चहाबरोबर दोनदा चिवडा वाढला. पुढे सबंध पावसाळा पाळीने एक थेंब सोडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी शेतावर गेलो. तळं काठोकाठ होतं, त्यात बगळे उतरले होते. आक्कासाहेबांनी मला सगळी पाळ फिरवून दाखवली, भेराजीने कुठला दगड कुठे बसवला तेसुद्धा. तीनची बस गाठायची म्हणून मी निघालो, तर म्हणाल्या, "फाट्यापर्यंत चालत कशाला? मी सोडते."

त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. मी खाली तसाच उभा. बसायची जागा एकच होती.

"दुकानात म्हणाले होते, बाजूला दुसरी बैठक लावून देतो," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं." मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "म्हटलं, आपल्या शेजारी येऊन बसणार कोण?"

त्यांनी पदराने मागच्या चाकावरचा पत्रा पुसला, दोनदा पुसला. "इथे बसा. घट्ट धरा."

फाट्यावर बस उभीच होती. कंडक्टरने आम्हाला पाहून हातही केला. मी उतरायला पाय खाली सोडला, पण ट्रॅक्टर थांबला नाही.

"दुसरी पाचला आहे," आक्कासाहेब समोर बघत म्हणाल्या. "पलीकडून तळं तुम्ही पाहिलंच नाहीत."

मी पाय वर घेतला.