गोधड्यांआडचा दिवा

बलभीम गुरुजी महिनाभर गावाला एकच सांगत होते, "एकदा बटन दाबू द्या, शाळा अशी उजळंल की भूमच्या माणसाला वाटावं, इकडं कुणाचं लगीन हाय!" पारावरची माणसं तंबाखू मळायची थांबून ऐकत. गावात तोवर विजेचा दिवा कुणाच्याच घरी नव्हता.

साल त्र्याहत्तरचं. पाऊस नव्हता, सोसायटीच्या विहिरीनं तळ दाखवला होता आणि मोटार थंड पडली होती. तिच्या तारेतली वीज मोकळीच होती, म्हणून ती शाळेपर्यंत ओढायला सोसायटीचे चेअरमन बंडप्पा राजी झाले. पण त्यांचा सगळा जीव सोसायटीच्या गोदामात होता.

"तुमच्या हौसेखातर दिवा लावतो, गुरुजी," ते म्हणाले. "लोकांना त्याचं काय वाटलं न्हाय, तर लगेच तार काढून गोदामाकडं नेतो."

गुरुजींना दिवा पोरांसाठी हवा होता, आणि त्याहून जास्त बायांसाठी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया सांजच्याला अक्षर शिकायला येत. कंदिलाच्या उजेडात त्यांना फळ्यावरचा भ आणि म सारखाच दिसायचा.

समारंभ ठरला भर दुपारी, कारण चेअरमनना वाशीची एसटी गाठायची होती. सकाळी वायरमननं दिवा लावून पाहिला. बायांच्या वर्गातली सगळ्यात हुशार कडूबाई तेव्हा कामावर जायच्या आधी शाळा सारवत होती. तिनं मान वर करून विचारलं, "लागला व्हय गुरुजी?"

लागला होता! चैतातल्या उन्हात तो कुणाला दिसत नव्हता, एवढंच.

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घरोघरी पोरं पिटाळली आणि गोधड्या मागवल्या. खिडक्यांवर गोधड्या, दारावर गोधडी, पत्र्याच्या भोकांत चिंध्या. शाळेत रात्र झाली, पण उकाडा दुपारचाच राहिला. त्यात सगळं गाव दाटीवाटीनं घाम पुशीत बसलं. बंडप्पांनी खाकरून बटन दाबलं.

तो उजेड हलत नव्हता, फडफडत नव्हता. त्याला ना धूर होता, ना वास. भिंतीवरची मुळाक्षरं एकदम समोर येऊन उभी राहिली. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मथुराबाईंनी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. दिवा लागला म्हणून पोरांनी सवयीनं शुभं करोति सुरू केलं. दोन बाया भाकरी टाकायला उठल्या, बाहेर उन्हात येऊन दचकल्या आणि परत आत येऊन बसल्या. गुरुजींना पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. अंधारात कुणाला दिसतंय, असं त्यांना वाटलं. दिव्याखालीच उभे होते ते, सगळ्यांना दिसत होतं.

मग चेअरमन सोसायटीवर बराच वेळ बोलले. त्यांच्याकडं कुणी पाहिलं नाही, सगळ्यांच्या माना वर. ते बंडप्पांच्या मनाला लागलं. एसटीची वेळ झाली तसा त्यांनी वायरमनला तार काढायची खूण केली आणि बटनाकडं हात नेला.

"काय करताय?" मथुराबाईंनी विचारलं.

"मालवतो, आजी."

"शाळंतला पयला दिवा तुमी लावला, आन तुमीच मालवणार? घरी लेकरंबाळं हायती न्हवं तुमच्या?"

तापल्या तव्याला लागावा तसा बंडप्पांचा हात मागं आला. त्यांनी वायरमनकडं पाहिलं. वायरमननं पक्कड पाठीमागं लपवली. "मला बी लेकरं हायती, साहेब," तो म्हणाला.

"जळू द्या मग," चेअरमन पुटपुटले. तोवर वाशीची एसटी निघून गेली होती.

शाळेची तार शाळेलाच राहिली. गुरुजींचे पाय दुपारभर जमिनीवर नव्हतेच. सांजच्याला बाया कामावरून आल्या, हातपाय धुऊन पाट्या घेऊन दिव्याखाली बसल्या. गुरुजींनी खडू उचलला, बाहेर दिवस मावळला, आणि दिवा गेला.

"कुणी हात लावला?" अंधारात मथुराबाई कडाडल्या.

"कुणी न्हाय, आजी," वायरमन दारातून म्हणाला. "मोटारीची लाईन हाय ती. वरनंच दिवसा सोडत्यात, दिवस बुडाला की बंद. सकाळी यील आपोआप."

गुरुजींनी खडू खाली ठेवला. एवढा खटाटोप केला आणि दिवा मिळाला तो दिवसापुरता! फार वाईट वाटलं त्यांना.

"गुरुजी," कडूबाई म्हणाली, "कामावर आमाला दुपारची सुट्टी असती. भाकर खाऊन इकडंच येऊ की."

"दुपारी दिवा कुठं दिसतुया?" मथुराबाई म्हणाल्या.

"गोधड्या हायत्या की."

दुसऱ्या दिवसापासून बायांचा रात्रीचा वर्ग दुपारी भरू लागला. बाया उन्हातून येत, दारावरची गोधडी पुन्हा खाली सोडत, दिव्याला हात जोडत आणि घामाघूम होऊन अक्षरं गिरवत. भ आणि म आता वेगळे दिसत होते.

एका दुपारी वावटळीनं खिडकीवरची गोधडी खाली पडली. आत एवढं ऊन आलं की पार मागच्या कोपऱ्यातल्या बाईलाही फळा लख्ख दिसायला लागला. कडूबाईनं फळ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, मग गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनीही तसंच पाहिलं. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"कडूबाई," गुरुजी म्हणाले, "गोधडी लावा. दिवा दिसंना झालाय."