हातातली पंगत

सर्व्हर बंद करण्याआधी परबकाका स्क्रीनकडे वाकून विचारायचे, "झालं वाढून?" उत्तराची वाट बघितल्यासारखे दोन मिनिटं थांबायचे आणि मगच बटण दाबायचे. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हसायचा. महिन्याभरात तोही तेच पुटपुटायला लागायचा.

काका लालबागच्या चाळीतले. चाळीच्या पूजेच्या जेवणात तीस वर्षं वाढपी. आमच्याकडे एका हॉस्पिटलची नंबर लावायची वेबसाइट होती. ती चार सर्व्हरवर चालायची. काकांच्या लेखी ते चार वाढपी. सॉफ्टवेअर अपडेट करायचं, म्हणजे वाढप्याला सदरा बदलायला आत पाठवायचं. "चौघांना एकदम पाठवलंस तर वाढणार कोण, तुझो बापूस?" म्हणून एका वेळी एकच. त्याच्यासमोर नवीन पान मांडू द्यायचं नाही, म्हणजे नवीन पेशंट त्याच्याकडे पाठवायचा नाही, पण बसलेल्यांचं जेवण पुरं होऊ द्यायचं. "पंगत उठांदे. घाई कित्याक?"

अपडेट झाला तरी त्याला लगेच लोकांपुढे उभा करायचा नाही. आधी स्वतः खोटा नंबर लावून बघायचा. याला ते 'मीठ बघणं' म्हणत. मीठ बरोबर लागलं की तो परत पंगतीत, मग दुसरा.

आणि हे सगळं भरदुपारी. बाकीचे असली कामं रात्री उरकतात. काकांचं म्हणणं, "नीट केलं तर दिवसाही कोणाला कळत नाही. चुकलं तर निदान ओरडायला माणसं जागी असतात."

चुकलो मी. दोन सर्व्हर झाले होते, तिसऱ्यावर अजून अकरा जण फॉर्म भरत होते. काका डबा खायला गेले होते आणि मला मुलीच्या शाळेत पोचायचं होतं. मी तो बंद केला. अकराही फॉर्म अर्ध्यावर उडाले. काकांनी नोंदींतून फोन नंबर शोधले, एकेकाची माफी मागितली आणि स्वतः सगळ्यांचे नंबर लावून दिले.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कोणी केलं हे? मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"पंगत माझी होती," काका म्हणाले.

त्या वर्षी त्यांचं प्रमोशन गेलं. पुढच्या वर्षी टीम लीड मी झालो. तरीही मी गप्प राहिलो.

त्या चुकीनंतर चार वर्षांनी काकांची रिटायर व्हायची वेळ आली. महिनाभर आधीच ते मला म्हणाले, "लेले, आता मला नवीन पान देऊ नको. हातातली पंगत उठवतो." एकेक काम संपवत गेले. शेवटच्या दिवशी चार वाजता त्यांची यादी कोरी होती. केक कापून झाला, सगळे पांगले, तरी काका खुर्चीतच.

"काका, निघायचं नाही?"

"एक पान बाकी आहे."

मी यादी पुन्हा बघितली. "कुठे काय आहे?"

काका रिकामा डबा फडक्याने पुसत राहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो.

"काका, तो तिसरा सर्व्हर मी बंद केला होता."

"माका म्हायत आसा." डबा त्यांनी पिशवीत ठेवला. "चार वर्षं घास अडकलोय तुझ्या घशात. तुका तसो टाकून कसो जाव?"

मग माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "झालं?"

मी मान हलवली. सवयीप्रमाणे ते आणखी दोन मिनिटं थांबले आणि मगच उठले.