कैतानचा रिपोर्ट

माझी बायको मोनी आणि मी जोडीने केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलणं. तेवढ्यात गल्लीतून एक पत्रकं वाटणारा सायकल पळवत गेला. मागून आमचा शेजारी कैतान, एका हाताने लुंगी सावरत, दुसऱ्या हातात त्याचंच पत्रक. "थांब! पोच देऊन जा!" मोनी इतकी हसली की सूप कलंडलं. "सुटलं बघा कोर्ट," म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

मी चौथी शिकलेला, जमेल तसं लिहितो. कैतान कोर्टात बेलिफ होता. लोकांच्या दारी समन्स न्यायचं, नाही घेतलं तर दारावर चिकटवायचं, ही त्याची नोकरी. हयातभर दुसऱ्यांना नको ते कागद दिले, आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या दारात नको असलेला एक कपटा खपेना. फ्लॅटचं पत्रक, जिमचं, पिझ्झ्याचं, मूळव्याधीचं. आपण चुरगळून टाकतो. हा ते सरळ करायचा, मागे रिपोर्ट लिहायचा आणि पार माणिकपूर नाक्यापर्यंत चालत जाऊन ज्याचं त्याला परत द्यायचा. सही घेतल्याशिवाय हलायचा नाही. एका बिल्डरच्या ऑफिसात सही मिळाली नाही, तर त्यांच्या काचेवर खळीने चिकटवून आला. साक्षीदार म्हणून मला आणि समोरच्या वडेवाल्याला उभं केलं.

"काका, तेल तापलंय!"

"तापू दे. कायदा आधी."

हसा हवं तर, पण आमच्या गल्लीत पत्रकं यायची थांबली.

थांबलं नाही ते फक्त माझ्या घरचं. मोनीने एकदा एका दुकानातून चष्मा घेतला होता. तेव्हापासून दर महिन्याला तिच्या नावाचं पाकीट, डोळे तपासून घ्या म्हणून. ती गेल्यावरही पोस्टमन दारात येऊन तिचं नाव मोठ्याने वाचायचा. शेवटी मी पाकीट कैतानला दिलं. "एवढं बंद कर."

"झालं समज."

पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. असं सहा वेळा झालं.

"तुझं कोर्ट म्हातारं झालं रे," मी म्हटलं. एरवी त्याने माझा बाप काढला असता. पाकीट घेऊन मुकाट गेला.

आता हे काय गौडबंगाल, मला राहवेना. गेलो दुकानात, मोनीचं नाव सांगितलं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "अंकल, ते काका तुमचे कोण? दर महिन्याला येतात, सही घेतात." तिने खणातून पाकिटं काढली. पाठीवर कैतानचं ताठ अक्षर. मी जुळवत जुळवत वाचलं. 'सदर बाई बाहेरगावी गेल्या आहेत. केव्हा येतील सांगता येत नाही.' सहाही पाकिटांवर तेच.

"म्हणून आम्ही पुन्हा पाठवतो," पोरगी म्हणाली. "वाटतं, आल्या असतील."

माणूस मेलेला असला की बेलिफ एकच शब्द लिहितो, 'मयत'. कैतानने आयुष्यभर तो लिहिला, परक्यांच्या कागदांवर. त्याचं लग्न झालं नाही. दुपारचं ताट त्याला मोनीच द्यायची, वर ओरडायची, "कैतानभाऊ, निवलं तर गरम करून देणार नाही हां!"

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. "एक शब्द लिहायला काय होतं रे तुला?"

तो भिंतीकडे बघून म्हणाला, "पेन चालत नव्हतं."

"सहा महिने?"

"सहा महिने."



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न सांगता दुकानात गेलो. पोरगीला म्हटलं, "ती बाहेरगावी नाही. पेन दे." अक्षरं तीनच, पण मला बराच वेळ लागला. पोरगीने घाई केली नाही.