के रांगेची भिंत

चूक तुमची आहे, हे आधी कबूल करा. वरच्या मजल्यावरच्या गारेगार खोलीत बसून देशभरच्या थिएटरांना सीटांचा एकच नकाशा लावला तो तुम्ही. जुनं थिएटर दिसलं की विकत घ्यायचं, दारावर आपली पाटी ठोकायची, संगणकात तोच ठरलेला नकाशा चढवायचा आणि पेपरात फोटो द्यायचा, की कंपनीच्या साखळीला अजून एक कडी जोडली. आत जाऊन बघायची तसदी कोणी घेतली? घेतली असती तर दिसलं असतं की या थिएटरात रांगा ए पासून जे पर्यंतच आहेत. जेच्या मागे भिंत आहे. आणि भिंतीच्या मागे मॅनेजरचं घर आहे.

घर म्हणजे दोन खोल्या, जुन्या मालकाने थिएटर बांधतानाच मॅनेजरसाठी मागे काढून ठेवलेल्या; आधी वडील मॅनेजर, मग हा. पुढच्या खोलीत एक लांबलचक सोफा होता, थिएटरच्या भिंतीकडे तोंड केलेला, कारण दुसरीकडे फिरवला तर दार उघडत नसे. त्या सोफ्यावर मॅनेजरची आई बसायची. तिला अंधाराची भीती वाटायची, त्यामुळे थिएटरात ती कधी गेलीच नाही. पण भिंतीतून आवाज येई. सगळे पिक्चर तिने ऐकले होते, एकही पाहिला नव्हता. कधी ती मुलाला सांगायला जाई, "अरे, आज काय झालं माहितेय का, त्या बाईने..." आणि मॅनेजर म्हणे, "आई, नंतर."

तर तुमच्या नकाशात जेच्याही मागे के रांग होती. सगळ्यात मागची, सगळ्यात महाग, आरामशीर. तिची तिकिटं विकली जायला लागली तसा मॅनेजरने घाबरून तुम्हाला फोन केला.

"सर, आमच्याकडे के रांग नाही."

"सगळीकडे आहे."

"इथे नाही ना. इथे भिंत आहे."

"भिंतीच्या मागे काय आहे?"

"माझं घर."

"बसायला काही आहे?"

"सोफा आहे. पण सर..."

"मग रांग आहे की! नाही कसं म्हणता? आणि लक्षात ठेवा, तुमच्यावर एक तक्रार आधीच आहे."

होती. पडदा फार मोठा दिसतो अशी तक्रार पहिल्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थाने केली होती आणि तुम्ही ती मान्य केली होती. आणखी एक तक्रार आली की थिएटर बंद, असं वर बजावलंही होतं. थिएटर बंद म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर त्या दोन खोल्याही. मॅनेजरने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "सोफ्यावरचे कपडे उचल. गिऱ्हाईक येतंय."

"कोणाकडे?"

"आपल्याकडे. पिक्चर बघायला."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा एखादा माणूस तिथेच खाली बसला असता.

दुपारच्या खेळाला के रांगेचं तिकीट घेऊन एक जोडपं आलं. थिएटरात जागा दाखवायचं काम बॅटरीमामांचं. मामांनी तिकीट पाहिलं आणि बॅटरी लावून त्या दोघांना बाजूच्या दाराने बाहेर काढलं. संडासावरून, पाण्याच्या टाकीवरून, भर उन्हात बॅटरी दाखवत दाखवत त्यांनी दोघांना मॅनेजरच्या दारात आणलं.

"सांभाळून. पायरी आहे," मामा म्हणाले. सवयच ती.

आत सोफ्यावर आई बसलेली. नवरा तिकीट पुढे करून म्हणाला, "आजी, ही आमची सीट आहे."

"असेल बाबा. मी सून म्हणून या घरात आले तेव्हापासून बसतेय. सरकते थोडी."

दोघं बसली. समोर भिंत. भिंतीवर एक कॅलेंडर. पलीकडे पिक्चर सुरू झाला, म्हणजे आवाज सुरू झाला. नवऱ्याने थोडा वेळ कॅलेंडर पाहिलं. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"अहो, पडदा कुठाय? हा काय चावटपणा आहे? मी आत्ता तक्रार..."

दारामागून मॅनेजर हात जोडत पुढे झाला. पण त्याच्या आईने त्या माणसाच्या हातावर चापट मारली.

"गप बस जरा. ती आलीय."

"कोण?"

"नायिका. चपला हातात घेऊन आलीय, कोणाला कळू नये म्हणून."

"कशावरून?"

"पावलं वाजली का?"

"नाही."

"मग!"

नवरा मागे टेकून बसला. त्याच्या बायकोने पाय वर घेऊन मांडी घातली. "पुढे काय, आजी?"

"पुढे काय, आता तो हिला फसवणार. बोलतोय बघ कसा गोड. माझे धाकटे दीर अगदी असेच बोलायचे. गावचं अख्खं घर गिळलं त्यांनी, ढेकरसुद्धा दिली नाही."

यापुढे पिक्चरात दीर आले. नायिकेच्या जागेवर कधी नायिका असे, कधी आई स्वतः. इंटरव्हलमध्ये सुनेने नाइलाजाने चहा दिला. शेवटाला तिघंही रडत होती, आणि भिंतीपलीकडे लोक हसत होते, कारण पिक्चर विनोदी होता.

तक्रार आली नाही. उलट त्या जोडप्याने तुमच्या ॲपवर लिहिलं की असा पिक्चर जन्मात पाहिला नाही. खरंच होतं ते.

झालं! के रांग हाऊसफुल्ल. सोफा पुरेना म्हणून पलंग आला, पलंग पुरेना म्हणून लोक मोरीच्या कठड्यावर बसायला तयार. आणि गिऱ्हाइकाची ऐट काय! मॅनेजर स्वतःच्या घरात शिरला की मागून आवाज, "ओ, वाकून जा! भिंत दिसत नाही." बिचारा रांगत स्वयंपाकघरात जाई. बायकोने मिक्सर लावला तर एक बाई ओरडली, "मॅनेजरला बोलवा!" मॅनेजर तिथेच होता, ओट्याखाली, उकडलेले बटाटे सोलत.

"तुम्ही मॅनेजर? मग हा आवाज बंद करा."

"बाई, ही माझी बायको आहे."

"असू दे. इथे सगळ्यांनी तिकीट काढलंय."

बायको म्हणाली, "अहो, मी जाते माहेरी."

"नको गं. एक जरी तक्रार गेली तरी हे घर जाईल."

"कुठलं घर?" तिने विचारलं. तिच्या पलंगावर अनोळखी माणसं उशी पोटाशी धरून बसली होती.

इकडे ए ते जे ओस पडली. जे रांगेतले चारदोन लोक पडद्याकडे पाठ करून भिंतीला कान लावून बसत. एकदा त्यांतला एक सज्जन न राहवून घरात घुसला.

"अहो, काय ऐकताय हे! नायक मरत नाही शेवटी. मी आत्ता डोळ्यांनी बघून आलोय. लग्न होतं त्याचं."

सगळी के रांग त्याच्यावर उखडली. "तुम्ही समोर बसता, तुम्हाला काय कळणार?"

आई शांतपणे म्हणाली, "लग्न झालं ना? मग मी वेगळं काय सांगितलं?"

मग तुमचा एक टायवाला साहेब आला पाहणीला. आधी रिकाम्या हॉलमध्ये फिरला, मग मॅनेजरच्या घरात येऊन सोफ्यावर बसला. मॅनेजर दाराशी नखं खात उभा. खेळ संपला तेव्हा टायवाल्याने डोळे पुसले, ते टायलाच.

"सुरेख. ही सुविधा कुठून बसवली?"

"सर, ती आई आहे."

"हो, पण कुठली?"

"माझी."

"म्हणजे ही थिएटरची नाही?" टायवाला दचकला. "आमच्या जागेत, आमच्या भिंतीसमोर, आमची नसलेली आई? हे नियमात बसत नाही. आजच नेमणूक करून घेऊ."

मॅनेजरला हायसं वाटलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. थिएटर वाचलं, नोकरी वाचली, घर वाचलं, वर आईला पगार! आईसुद्धा खूश. "बघ," ती सुनेला म्हणाली, "माझं ऐकायला कंपनी माणसं पाठवते."

तुम्ही मग धडाकाच लावलात. देशभर सगळ्या थिएटरांत पडद्यासमोर भिंत बांधून घेतलीत. प्रत्येक भिंतीसमोर सोफा, प्रत्येक सोफ्यावर कोणा ना कोणा मॅनेजरची आई. पडद्यावर उजेड टाकणारा दिवा विझवून विजेचा खर्च वाचवलात आणि त्याला नवं तंत्र म्हणालात. आणि हे सगळं झाल्यावर तुमच्या लक्षात आला तुमचाच तो जुना नियम, की कुठल्याही कर्मचाऱ्याला घरच्या ठिकाणी ठेवायचं नाही.

फोन सकाळीच आला. "तुमच्या आईंची बदली झालीय."

"बदली? सर, ती माझी आई आहे!"

"म्हणूनच. घरच्या ठिकाणी आई ठेवली तर पक्षपात होतो. तुमची काही तक्रार आहे का?"

मॅनेजरने तोंड उघडलं. दोन खोल्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाही."

आईने चष्मा घेतला, उशी घेतली. रडली बिडली नाही. एवढंच विचारलं, "तिकडे भिंतीला ओल नाही ना?" मग गाडीत बसताना म्हणाली, "अरे, एक सांगायचं होतं. परवाच्या पिक्चरात त्या बाईने..."

"आई, गाडी सुटेल. नंतर सांग."

गाडी सुटली. आता तिचा फोन लागत नाही. खेळ चालू असताना फोन बंद ठेवायचा हाही तुमचाच नियम, आणि तुमचे खेळ दिवसभर चालूच असतात.

दुसऱ्या दिवशी बदलीवर नवी आई आली. गळ्यात तुमचं ओळखपत्र. सोफ्यावर बसली, मॅनेजरला पाहून पाठ केलेलं म्हणाली, "बाळा, जेवलास का? कंपनीतर्फे तुझं स्वागत आहे." मग हळूच, इकडेतिकडे बघत, "माझ्या मुलाला भेंडी चिरता येत नाही रे. तोही मॅनेजरच आहे. कसं करत असेल?"

मॅनेजरच्या बायकोने मिक्सर बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मॅनेजर म्हणाला, "तुमच्या मुलाचं काय झालं पुढे? सांगा ना." त्या दिवशी त्याने सगळं ऐकून घेतलं, भेंडीपासून.

आता तुम्ही बोला. ही तक्रार नव्हे, तक्रारीचं फळ काय असतं ते तुम्ही आधीच सांगून ठेवलंय. हा सरळ प्रश्न आहे. तुमच्या प्रत्येक थिएटरात एक आई बसवली आहे, आणि एकाही मुलाकडे त्याची स्वतःची आई नाही. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? आणि या मॅनेजरची आई कुठल्या गावात, कुठल्या भिंतीसमोर बसवली आहे? तिला काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि ऐकायला माणूस तयार बसलाय. उत्तर द्या.