सासरचे बावन्न पत्ते

पत्त्यांचा अख्खा कॅट पाठ करायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हेतू काय होता हे कोणी विचारलंच नाही.

मला एक खोली हवी होती. स्वतःसाठी नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातली एक मुलगी घरी उभ्याउभ्याने अभ्यास करते, कारण घरात टेबल एकच आणि त्यावर दिवसभर इस्त्रीचे कपडे. एक मुलगा जिन्यात बसतो आणि वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यायला उठतो. भूमितीचं एक प्रमेय त्याला सतरा हप्त्यांत समजलं. अशा मुलांना बसायला एक शांत, उजेडाची खोली असावी, यात मी काय जगावेगळं मागत होतो? समाज कधीतरी बदलायचाच आहे, तर तो येत्या सोमवारपासून का नको, असा माझा स्वभाव आहे. (मी याला तळमळ म्हणतो. बायको उतावळेपणा म्हणते.)

खोली डोळ्यांसमोर होती. बायकोच्या थोरल्या काकांच्या घराला लागून, रस्त्याच्या बाजूची, दोन मोठ्या खिडक्यांची. तिथला घड्याळं दुरुस्त करणारा दुकान आवरून गेल्याला वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून तिला कुलूप होतं. काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. बोलताना शब्दही मोजूनच देतात.

"खोलीत पुस्तकं असणार?" त्यांनी विचारलं.

"हो. मुलं घरीही नेतील."

"कोणी कुठलं नेलं हे कोण लक्षात ठेवणार?"

"मी."

काकांनी चष्मा काढून पुसला. "जावईबापू, माझ्या सख्ख्या बहिणीला तुम्ही आजवर तीन वेळा 'आपण कोण?' म्हणून विचारलंय. तिसऱ्या वेळी ती तुमच्याच घरी जेवत होती."

हे खरं होतं. मला चेहरे राहत नाहीत. जागा राहतात. वर्गात तिसऱ्या बाकावर डावीकडे कोण बसतो हे मी झोपेतून उठून सांगेन, पण तोच मुलगा रस्त्यात समोर आला तर त्याला आधी कुठेतरी बसावं लागतं. सासरची माणसं एका जागी बसत नाहीत, त्याला मी काय करू?

तीन आठवड्यांनी काकांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सगळे जमणार होते. तिथे सर्वांसमोर माझी स्मरणशक्ती सिद्ध करून दाखवायची, असं मी मनाशी पक्कं केलं. (त्या तीन आठवड्यांत सरळ नातेवाइकांची नावं पाठ करता आली असती. सरळ मार्ग मला नेहमी उशिरा दिसतो.)

पत्त्यांच्या एका जादूमागचं गुपित मी कुठेतरी वाचलं होतं. जादूगाराला कॅटमधला क्रम पाठ असतो. तो पत्ते पिसल्यासारखं करतो, पण क्रम मोडू देत नाही. समोरच्याने मधूनच एक पत्ता उचलला की जादूगार हळूच त्याच्या आधीचा पत्ता बघतो, आणि पुढचा कोणता ते त्याला ठाऊकच असतं. हातचलाखी थोडी, पाठांतर फार. म्हणजे ही जादू नव्हेच, शिक्षण आहे, अशी मी माझ्या तत्त्वनिष्ठ मनाची समजूत घातली.

पण पत्ते पाठ होईनात. किलवर पंजीनंतर काय यावं याला काही तर्कच नाही. चौथ्या दिवशी मी वैतागून पलंगावर पडलो आणि समोर भिंतीवर आमच्या लग्नाचा ग्रुप फोटो दिसला. मुलीकडची सगळी मंडळी, तीन रांगांत. मी उठून मोजली. बावन्न. (नंतर कळलं की त्यातला एक जण लग्नाच्या हॉलचा मॅनेजर होता. पण तोवर तो चौकट सत्ती म्हणून पाठ झाला होता.)

माणसं जागेवर होती. हलत नव्हती. मला आणखी काय हवं? पहिल्या रांगेच्या डाव्या टोकापासून मी एकेकाला एकेक पत्ता वाटून टाकला आणि कॅट त्याच क्रमाने लावला. धाकटे मामा किलवर दश्शी. मधली काकू बदाम अठ्ठी. मामांच्या शेजारी, काकूच्या बरोब्बर मागे, एका बाईंचा अर्धाच चेहरा दिसत होता, बाकीचा काकूच्या भल्यामोठ्या अंबाड्याने झाकलेला. एकच डोळा. पत्त्यांत इस्पिक गुलामालाही एकच डोळा दिसतो. झालं, त्या बाई इस्पिक गुलाम.

"त्या आत्या आहेत," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "काकांची बहीण. तुझी तीनदा ओळख करून दिलेली."

"अच्छा. आत्या म्हणजे इस्पिक गुलाम."

"आणि वाढदिवसाला एक लक्षात ठेव. आत्या आणि मधली काकू बोलत नाहीत. या फोटोवरूनच झालंय. आत्याचं म्हणणं, काकूने मुद्दाम झाकलं. म्हणून काकांनी त्यांच्या हॉलमधला फोटोसुद्धा काढून ठेवलाय. ऐकतोयस ना?"

"हं. बदाम अठ्ठी."

"काय?"

"काकू. बदाम अठ्ठी."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि घडी घातलेला टॉवेल पुन्हा झटकून घडी घातला.

वाढदिवसाच्या दिवशी काकांच्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. केक कापून झाला. मी खिशातून कॅट काढला आणि घसा खाकरला.

"काका, अख्खा कॅट माझ्या डोक्यात आहे. कुठलाही पत्ता उचला, मी सांगतो."

"किती वेळा?"

"म्हणाल तितक्या."

"मोजणीत आम्ही एक माप तीनदा घ्यायचो," काका म्हणाले. "तीनदा बरोबर सांगा आणि सोमवारी खोलीची किल्ली घेऊन जा."

हॉलमध्ये कुजबुज झाली.

काकांनी पत्ता उचलून छातीशी धरला. मी हळूच आधीचा बघितला. चौकट सत्ती. हॉलचा मॅनेजर. छताकडे बघत मी मनात फोटो आणला. मॅनेजरच्या शेजारी कोण? जांभई देणारा मामेभाऊ.

"किलवर तिर्री."

काकांनी पत्ता पुढून बघितला, मागून बघितला. "बरोबर. एक."

टाळ्या झाल्या. सगळे खुर्च्या सोडून जवळ सरकले, आणि तिथेच माझं गणित फिसकटलं. दुसऱ्या वेळी आधीचा पत्ता निघाला किलवर दश्शी. म्हणजे धाकटे मामा. त्यांच्या शेजारी कोण, हे आठवायला मी मान वर केली, तर खुद्द धाकटे मामा समोर उभे, हातात केकची बशी, आणि त्यांच्या शेजारी भलतीच सून. मी डोळे मिटले. डोक्यातला फोटो पुसून गेला होता. त्या जागी फक्त मामा केक खात होते.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. जरा शिस्त लागते याला. मामा, तुम्ही असे मागे उभे राहा. नाही, बशी ठेवा. मोठ्या मावशी, तुम्ही पुढच्या खुर्चीत."

मंडळींना वाटलं हा जादूचाच भाग आहे. मोठ्या उत्साहाने ती हलली. मी वर्गात मुलं बसवावीत तशी एकेकाला फोटोतल्या जागी नेऊन बसवू लागलो. स्वयंपाकघराच्या दारातून बायको जोरजोरात मान हलवत होती. ती 'आणखी थोडं डावीकडे' म्हणतेय असं समजून मी मधल्या काकूची खुर्ची आणखी थोडी डावीकडे घेतली.

आता मामांच्या आसपास फक्त त्यांच्या शेजारची, काकूच्या मागची जागा रिकामी होती. तिथे कोण? अर्धा चेहरा. एक डोळा.

"आत्या," मी म्हणालो. "तुमच्यात आत्या कोण?"

खिडकीपाशी काकूकडे पाठ करून उभ्या असलेल्या एक बाई हळूच वळल्या. "चौथ्यांदा," त्या म्हणाल्या.

"या ना. इथे काकूंच्या मागे."

"मी इथेच बरी आहे."

"दोनच मिनिटं, आत्या. मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे."

पंचाहत्तर वर्षांच्या भावाकडे बघून त्या आल्या. काकूच्या मागे उभ्या राहिल्या, पण मान उंच करून. पूर्ण चेहरा दिसत होता. माझ्या डोक्यात काहीच जुळेना. आणि सोमवार तर अगदी हाताशी आलेला.

"आत्या, जरा खाली वाका. आणखी. काकू, तुम्ही मान ताठ ठेवा, अंबाडा वर येऊ दे. आत्या, तुमचा अर्धाच चेहरा दिसायला हवा हो, पूर्ण दिसला की मी ओळखत नाही."

हॉलमध्ये कोणी चमचासुद्धा वाजवला नाही. मला ती शांतता एकाग्रतेची वाटली. अंबाड्याआडून एकच डोळा माझ्याकडे बघत होता, आणि लख्खकन आठवलं.

"इस्पिकचा गुलाम," मी आत्यांकडे बोट दाखवून म्हणालो.

"कोण गुलाम?" तो डोळा म्हणाला.

"तुम्ही. म्हणजे माझ्या डोक्यात."

काकू खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळली. "वन्सं, हे काय बोलतायत?"

दोन वर्षांतलं ते तिचं आत्यांशी पहिलं वाक्य होतं.

"तुमच्या अंबाड्याबद्दल बोलतायत, वहिनी. फोटोत त्याच्यामागे मी आहे."

"मला पाठीला डोळे आहेत का? मागे कोण उभं आहे ते फोटोवाल्याने बघायचं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलत होतात कुठे?"

मग काकूची नजर माझ्याकडे वळली. "आणि मी कुठला पत्ता?"

"बदाम अठ्ठी."

"अठ्ठी," ती शांतपणे म्हणाली. "राणीसुद्धा नाही."

"वहिनींना अठ्ठी?" आत्या अंबाड्यामागून पूर्ण बाहेर आल्या. "तुमच्या लग्नात सकाळपासून यांच्या पायाला भिंगरी होती. आणि यांना अठ्ठी?"

"आणि वन्संना गुलाम," काकू म्हणाली. "शाळेत शिकवतात म्हणे हे."

मग कोणाला काय दिलंय याची चौकशी सुरू झाली. बायकोच्या मेव्हण्यांना तर पत्ताच नव्हता, कारण फोटोच्या वेळी ते गाडी लावायला गेले होते. "हॉलचा मॅनेजर आहे आणि मी नाही," एवढंच ते म्हणाले आणि आपली खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसले. आत्या आणि काकू एकमेकींच्या हाताला धरून स्वयंपाकघरात गेल्या. आतून माझा उल्लेख बराच वेळ ऐकू येत राहिला.

काकांच्या छातीशी अजून तो पत्ता होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला. इस्पिक गुलाम.

"बरोबर. दोन," ते म्हणाले. "तिसरं माप नको."

"म्हणजे खोली मिळाली?"

काकांनी चष्मा काढला. तेवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

"ती खोली वर्षभर बंद का होती, सांगू? बहिणीला शिवणवर्गासाठी हवी होती. मधल्या भावजयीलाही शिवणवर्गासाठीच हवी होती. एकीला द्यावी तर दुसरी घरात पाऊल टाकणार नाही. म्हणून कुलूप." त्यांनी स्वयंपाकघराकडे कान दिला. आतून 'तुमची तीन मशिनं आणि माझी दोन' असं ऐकू आलं. "दोन वर्षं मला जे जमलं नाही ते तुम्ही दहा मिनिटांत केलंत, जावईबापू. आभारी आहे."

"पण काका, माझी मुलं?"

माझा आवाज इतका बारीक निघाला की बायकोला दया आली असावी. ती हातातली सुरी ठेवून आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तह झाला होता. शिवणवर्ग दुपारी. सकाळी सहा ते नऊ मशिनं झाकून मुलांना बसू द्यायचं, कापडं कापायची टेबलं लांबरुंद आहेत, त्यावर वह्या मावतील. पुस्तकांची नोंद बायको ठेवणार. या बदल्यात दोघींची एकच अट होती, आणि ती तिने मला न विचारता मान्य केली होती.

सोमवारी नाही, पण पुढच्या महिन्यात अभ्यासिका सुरू झाली. सकाळी अकरा मुलं येतात. ठरल्या जागी बसतात, त्यामुळे मी त्यांना ओळखतो. आणि शनिवारी दुपारी, अटीप्रमाणे, मी त्याच खोलीत मधोमध हात पसरून उभा असतो. शर्ट शिवायला शिकणाऱ्या मुलींना माप घ्यायला एक माणूस लागतो. काकू टेप देते, आत्या समजावतात.

गेल्या शनिवारी एक नवी मुलगी टेप घेऊन घुटमळत उभी होती.

"लाजतेस काय?" आत्या तिला म्हणाल्या. "बिनधास्त घे गळ्याचं माप. हे हलत नाहीत, आणि उद्या रस्त्यात भेटलीस तर तुला ओळखणारही नाहीत."