नथ्थूजींचा हीटर

मे महिन्याच्या भर दुपारी काचा खाली करून मोटारीचा हीटर पूर्ण ताकदीने चालवणारा मनुष्य आपण पाहिला नसेल, तर आपण आमच्या सौंसरला आलाच नाहीत, असे मी खात्रीपूर्वक नमूद करतो. त्या मनुष्याचे नाव नथ्थूजी. ते माझे शेजारी. बाहेर लू वाहत असते आणि आत पायांवर भट्टीची झळ येत असते. कारण विचारावे, तर स्टिअरिंगवरची नजर न हलवता सांगतात, "इंजनची अर्धी गर्मी आपण खाल्ली, मुन्शीजी, तर थ्याले अर्धीच उरते."

मुन्शीजी म्हणजे मी. तहसील कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली माझे टेबल असते. या तालुक्यातील निम्म्या तक्रारींना मीच भाषा पुरवली आहे.

नथ्थूजींचा धंदा कूलरचा. रामाकोन्यापासून तिगावपर्यंत त्यांनी बसवलेले पत्र्याचे कूलर खिडक्या-खिडक्यांतून घुरघुरत असत. उन्हाळा लागला की जुन्या ताट्या काढायच्या, वाळ्याच्या नव्या बांधायच्या, पंप तपासायचा आणि त्या घरचा चहा घेऊन पुढच्या घरी जायचे. प्रत्येक घरी त्यांचे एकच भरतवाक्य असे: "हवा पाहिजे, पानी पाहिजे, बाकी सब झूठ!" पुढे प्लास्टिकचे तयार कूलर आले, भिंतीवर एसी आले आणि नथ्थूजींनी दुकानाचे शटर खाली ओढले. त्यानंतर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी घेतल्यापासून ती उकळतेच आहे.

पांढुर्ण्याच्या मिस्त्रीने तिच्यावर सर्व उपाय करून पाहिले. रेडिएटर धुतला. थर्मोस्टॅट बदलला. पंखा, पट्टा, झाकण, पाण्याचा पंप, सगळे नवे झाले. त्याच्याकडे गाडी तासभर उभ्याने चालली तरी काटा मधोमध राही. सौंसरला परत आली, की पुन्हा जामसांवलीच्या आधीच वाफ. मिस्त्रीने शेवटी हात जोडले. "काकाजी, एकदा बजरंगबलीलेच दाखवा," म्हणाला.

अशात त्यांचा मुलगा प्रकाश नागपुराहून निघाला. निघण्यापूर्वी फोनवर त्याने स्वच्छ सांगितले, "बाबूजी, मले पांढुर्ण्याच्या स्टेशनावर घ्याले या. घरी येईपर्यंत रस्त्यात एकदा जरी गाडी गरम झाली, तर तेथूनच भंगारवाल्याले फोन करतो. उन्हात एकटे अडकून पडता, जिवाले घोर लागते." नथ्थूजींनी हा सर्व मजकूर मला ऐकवला आणि वर म्हणाले, "तुम्ही चला संग. गाडी चांगली आहे, असं तुम्ही सांगतलं तर पोरगा मानन." लोक माझ्या शब्दाला वजन देतात, हे खरे आहे. मी निघालो.

जामसांवलीचा फाटा येताच काटा चढू लागला. नथ्थूजींनी हीटर लावला. माझ्या धोतराला इस्त्री होऊ लागली. तरीही काटा ऐकेना, तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या एका घरासमोर घेतली. दारात अंजनाबाई नावाची म्हातारी बाल्टी घेऊन जणू उभीच होती.

"आले का नथ्थूजी? उकळली का तुमची नवरी?"

"उकळली जी!" इतक्या आनंदाने हे उत्तर देणारा गाडीमालक मी पाहिलेला नाही.

दुपट्टा ओला करून त्यांनी झाकणावर टाकला आणि ते गार होईपर्यंत ओट्यावर बसले. अंजनाबाईंच्या सुनेचे माहेर, संत्र्याचा बहर, म्हशीचा पाय, सर्व विषय झाले. चहा झाला. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. "प्रकाशच्या रेल्वेची वेळ होऊन राह्यली, नथ्थूजी!" "इंजन गरम असतांनी घाई नाही करत, मुन्शीजी." निघताना म्हातारी म्हणाली, "परततांनी याल तवा बाल्टी भरलेलीच राहीन."

थोडे पुढे जाऊन, एका संत्र्याच्या बागेपाशी, पुन्हा तेच. नथ्थूजी कॅन घेऊन विहिरीकडे गेले आणि तेथील रखवालदाराशी बोलत उभे राहिले. इकडे माझा जीव वरखाली. मी उघड्या बॉनेटभोवती येरझाऱ्या घालू लागलो आणि वाकून पाहिले, तर समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात, काहीतरी काळपट दिसले. ओढले. कूलरची ताटी! वाळ्याची, तारेने नीट बांधलेली, आणि लूने वाळून लाकूड झालेली. हवा जाईल कोठून?

ते परत येताच मी ताटी त्यांच्यापुढे धरली. "मिस्त्रीला ही दाखवली होती?"

"नाही. थ्याच्याकडे जातांनी काढून ठेवतो."

मग मी त्यांना, अशिलाला कलमे समजावतो त्या थाटात, सर्व समजावले: ओली असेतो ताटी ठीक, घटकाभरात ती सुकते, सुकली की हवा कोंडते. त्यांनी अखेरपर्यंत ऐकून घेतले. मग ताटीवरची धूळ बोटाने झटकत म्हणाले, "मुन्शीजी, जिंदगी ताट्या बांधण्यात गेली. मले मालूम नसन का?"

मी ताटी त्यांच्या हातात दिली.

"पहिले लोकं स्वतः बोलावत. नथ्थूजी, कधी येता? आता कोणाच्या दारी कायले जाऊ? रिकाम्या हातानं गेलो तर लोकं इचारतात, काही काम होतं का? गाडी उकळली म्हटलं, का कोणी काही इचारत नाही. पानी देतात, चाय देतात, बस म्हनतात. ओळखीचं दार येईपर्यंत इंजन टिकावं, म्हनून तो हीटर." पाणी ओतून त्यांनी झाकण घट्ट लावले आणि ताटी डिकीत ठेवली. "पोरगा गाडी नेईन तर हेही गेलं. चला."

तेथून पांढुर्ण्यापर्यंत काटा मधोमध चिकटून बसला. प्रकाश स्टेशनाबाहेर आला, पुढे बसला आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्या काट्यावरून त्याची नजर हलली नाही. शेवटी म्हणाला, "सुधरली बाबूजी तुमची गाडी! राहू द्या मंग." नथ्थूजी "हाव" म्हणाले. संत्र्याच्या बागेपाशी रखवालदाराने हात वर केला. नथ्थूजींनी हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे गेली. एवढा वेगवान आणि एवढा निःशब्द प्रवास मी त्यांच्यासोबत कधी केला नव्हता.

जामसांवलीचा फाटा आला. अंजनाबाई दारात उभी होती. पायाशी भरलेली बाल्टी. गाडी आपोआप मंदावली.

"काय झालं? गरम झाली काय?" प्रकाश लगेच काट्याकडे वाकला.

"नाही, नाही," असे म्हणून नथ्थूजींनी घाईने गिअर बदलला.

"थांबवा!" मी मागून ओरडलो. "मला तहान लागली आहे."

गाडी थांबली. अंजनाबाई बाल्टी घेऊन आली आणि वाफ न दिसल्यामुळे गोंधळली. "मंग आज पानी कोणाले?"

"मुन्शीजीले," नथ्थूजी म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बसले. पाठोपाठ प्रकाशही उतरला. त्याला पाहून म्हातारी आतल्या सुनेला म्हणाली, "दोन कप जास्त टाक वो, नथ्थूजीचा पोरगा आला!"

मी पाणी अगदी सावकाश प्यालो. मग दुसरा गिलास मागितला.